शाळेचं ग्रंथालय नव्याने लावायचंय? आधी किल्ली कुणाकडे आहे ते बघा

आमच्या शाळेत ग्रंथालय आहे हे मला नववीपर्यंत माहीत नव्हतं. बालाघाटाच्या डोंगरातली, बीड जिल्ह्यातली साधी जिल्हा परिषदेची शाळा. हेडसरांच्या खोलीमागे एक खोली होती, तिला आम्ही 'तांदळाची खोली' म्हणायचो. खिचडीच्या तांदळाची पोती, मोडके बाक, गॅदरिंगच्या वेळचे पुठ्ठ्याचे मुकुट आणि भिंतीला लागून दोन लोखंडी कपाटं. एका शनिवारी पोतं सरकवायला गेले तेव्हा कपाटावर ऑइलपेंटने लिहिलेलं 'ग्रंथालय' दिसलं. "सर, यात काय आहे?" विचारलं तर सर म्हणाले, "पुस्तकं आहेत की. किल्ली आधीच्या सरांकडं राहिली."

ती किल्ली मिळवण्यापासून खोली उघडण्यापर्यंत आम्हा सहा जणांचं अख्खं वर्ष गेलं. त्यानंतर कॉलेजला आल्यावर आणखी दोन शाळांत हेच काम केलं. चुका भरपूर झाल्या. आठवी-नववी-दहावीतलं कुणी आपल्या शाळेत असं काही करायच्या विचारात असेल, तर त्या चुका तरी परत करू नयेत म्हणून हे लिहितेय. ग्रंथपालाचं पद मोठ्या हायस्कुलातच असतं. आपल्यासारख्या शाळेत ते काम कुठल्या तरी सरांच्या किंवा मॅडमच्या डोक्यावर ज्यादाचं म्हणून पडलेलं असतं, हे धरूनच पुढचं सगळं वाचा.

आठवडाभर नुसतं बघा

पहिल्याच दिवशी झाडू हातात घेऊ नका. आधी देवघेवीची वही मागा. शेवटचं पुस्तक कधी बाहेर गेलं आणि कुणाच्या नावावर, एवढं बघा. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर फक्त शिक्षकांची नावं होती आणि त्यातले दोघे रिटायर झालेले. म्हणजे पुस्तकं नव्हती असं नाही, पोरांपर्यंत येत नव्हती.

मग पोरांशी बोला. "तुला वाचायला आवडतं का?" असं विचारू नका, सगळे 'हो' म्हणतात. "घरी शेवटचं काय वाचलंस?" असं विचारा. आम्हाला मिळालेली उत्तरं अशी: फवारणीच्या बाटलीवरची सूचना, लग्नपत्रिका, एसटीची पाटी, बापाच्या मोबाईलवरचा मेसेज. तिसरीतल्या एका पोराने कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर कंपनीच्या पत्त्यासकट तोंडपाठ म्हणून दाखवला. त्या पोराला वाचायची आवड नाही असं कोण म्हणेल? त्याच्या घरात वाचण्यासारखं तेवढंच होतं.

आणि मधल्या सुट्टीत पोरं कुठे बसतात ते बघा. आमच्याकडे सगळी कडुलिंबाखालच्या ओट्यावर बसायची. ते पुढे कामी आलं.

किल्लीमागची भीती

शिक्षक कपाट बंद ठेवतात, याचा अर्थ त्यांना पोरांनी वाचायला नको असतं असा नाही. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला एक दाखल अंक असतो. बदली झाली की सरांना दुसऱ्याकडे चार्ज द्यावा लागतो, तेव्हा वहीतलं आणि कपाटातलं जुळलं पाहिजे. पुस्तकं कमी भरली की जाब त्यांना द्यावा लागतो. म्हणून कुलूप हा सगळ्यात सोपा उपाय. हे समजल्यावर माझा रागच गेला.

त्यामुळे परवानगी मागताना 'ग्रंथालय बदलायचंय' असं मोठं काही बोलू नका. थोडकं मागा. आमचा अर्ज एका पानाचा होता आणि त्याचा गाभा एवढाच:

"आम्ही इयत्ता नववीचे सहा विद्यार्थी एक कपाट एका महिन्यासाठी उघडे ठेवू इच्छितो. दर शनिवारी शाळा सुटण्याआधी पुस्तके मोजून आकडा वहीत लिहू व आपली सही घेऊ. पुस्तक गहाळ झाल्यास त्याच दिवशी कळवू."

दर शनिवारची सही, या एका वाक्यावर अर्ज मंजूर झाला. पैसे मागितले नाहीत, याचाही उपयोग झाला असणार.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलंय. हे माहीत असू द्या, पण पहिल्याच भेटीत हेडसरांपुढे कायदा ठेवू नका. तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एखाद्या पालकाच्या तोंडून आलेला बरा. या समितीत बहुतेक जण पालकच असतात आणि त्यातल्या एखाद्याचं पोरगं तुमच्या वर्गात असतंच.

खोली रिकामी करणं

हे काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात पुस्तकं बाहेर काढली तर ओल धरतात, आणि मार्चमध्ये परीक्षा असतात. डिसेंबर-जानेवारीचे चार शनिवार पुरतात.

आधी तांदूळ. ज्या खोलीत धान्य त्या खोलीत उंदीर, आणि ज्या खोलीत उंदीर तिथे पुस्तकांचं काय होतं ते सांगायला नको. पोती दुसऱ्या खोलीत हलवा, तशी खोली नसेल तर निदान मध्ये रिकामी जागा सोडा. या एका गोष्टीसाठी खिचडी शिजवणाऱ्या मावशींशी गोडीत राहा. आमच्या मावशींनी त्यांच्या स्वयंपाकाच्या खोलीत फळी टाकून घेतली म्हणून आमची खोली मोकळी झाली.

गठ्ठ्यात थेट हात घालायचा नाही. काठीने ठोका, थांबा, मग उचला. आपल्याकडच्या दगडी आणि पत्र्याच्या खोल्यांत विंचू असतोच. आम्हाला दुसऱ्याच गठ्ठ्यात सापडला, जुन्या शब्दकोशाखाली. नाकाला रुमाल बांधा, दम्याचा त्रास असलेल्याला वह्या लिहायच्या कामावर बसवा.

पुस्तकं उन्हात वाळत घालू नका. ही आमची पहिली मोठी चूक. कसर मरेल म्हणून आम्ही चाळीसेक पुस्तकं शाळेच्या गच्चीवर दिवसभर पसरली. संध्याकाळी मुखपृष्ठं वाकडी झाली होती आणि कण्यावरचा डिंक वाळून तडकला होता. वारा लागेल अशा सावलीत, व्हरांड्यात, पानं थोडी उघडी करून उभी ठेवा. दोन दिवस पुरतात.

भिंतीवर मातीच्या बारीक नळ्यांसारख्या रेघा दिसल्या तर ती वाळवी. नळी नुसती पुसून वाळवी जात नाही, मोठ्या माणसांना सांगून औषध मारून घ्यावं लागतं. तुम्ही एवढं करा: कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पायांखाली विटा द्या, म्हणजे वाळवी चढायला लागली तर दिसते तरी. कडुलिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून कप्प्यात ठेवतात, आम्हीही ठेवला. पण खरं काम दर महिन्याला पुस्तकं हलवण्याने होतं. डांबराच्या गोळ्या नकोत. पहिलीची पोरं त्या तोंडात घालतात.

काय ठेवायचं, काय काढायचं

सगळी पुस्तकं सतरंजीवर आली की तीन ढीग करा: वाचण्यासारखी, दुरुस्तीची आणि काढून टाकायची. तिसरा ढीग सगळ्यात मोठा होतो, घाबरू नका. बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, जुने गाईड, कुठल्याशा योजनेचे अहवाल, एकाच पुस्तिकेच्या पंचवीस प्रती. यातलं एकही पान तुम्ही रद्दीत द्यायचं नाही. सरकारी वस्तू वहीतून कमी करण्याला निर्लेखन म्हणतात, त्याची रीत असते आणि ते काम हेडसरांचं. तुम्ही दाखल अंकासहित यादी करून द्या, ढीग बांधून बाजूला ठेवा. आमच्या यादीवर निर्णय व्हायला आठ महिने लागले. तोवर तो ढीग कोपऱ्यात चादरीखाली होता आणि कुणाचं काही अडलं नाही.

तिसऱ्या ढिगात टाकण्याआधी दोन गोष्टी मात्र नीट बघा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेव्हा माध्यमिक शिक्षण उर्दूतून असायचं. त्यामुळे जुन्या गावांतल्या, तालुक्याच्या ठिकाणच्या शाळांच्या कपाटात कधी कधी त्या काळची उर्दू पुस्तकं निघतात. वाचता येत नाही म्हणून ती कचऱ्यात जातात. गावात उर्दू वाचणारं कुणी ना कुणी असतंच, त्यांना दाखवा, नाव आणि साल लिहून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे शाळेच्याच पोरांनी काढलेली जुनी हस्तलिखितं. आमच्या कपाटात एक सापडलं, त्यात माझ्या चुलत्याची कविता होती. चुलता आता ट्रॅक्टर चालवतो. कविता दाखवल्यावर आधी लाजला, मग म्हणाला, "हे अजून हाय व्हय?"

दुरुस्ती

सेलोटेप लावायचा नाही. दोन वर्षांत पिवळा पडतो, सुटतो आणि जाताना अक्षरं घेऊन जातो. फाटलेल्या पानाला मैद्याची पातळ खळ आणि पांढऱ्या पातळ कागदाची पट्टी लावा, वर वही ठेवून दाबा, रात्रभर तसंच राहू द्या. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, त्याने कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी असतं, त्याच्या वाटेला तुम्ही जाऊ नका. खळ थोडी करा आणि त्याच दिवशी संपवा. मधल्या पिना गंजल्या असतील तर काढून दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा. चपला शिवणाऱ्या काकांनी आम्हाला तो टाका अर्ध्या तासात शिकवला.

आणि खाकी कव्हर घालू नका! वहीला घालतो तसं पुस्तकाला घातलं की सगळी पुस्तकं सारखी दिसायला लागतात. पहिलीतलं पोरगं वाघाचं चित्र बघून पुस्तक उचलतं, त्याच्यावर खाकी कागद चढवून आपणच ते लपवतो. आमच्या दोन कपाटांतली निम्मी पुस्तकं अशी खाकी होती. फक्त ते कागद काढले त्या दिवशी खोलीचा रंग बदलला.

वर्गवारी

तुमच्यातला एखादा हुशार गडी इंटरनेटवर बघून येईल आणि म्हणेल, ड्यूईची दशांश पद्धत लावू. १८७६ सालापासून चालत आलेली ही पद्धत मोठ्या ग्रंथालयासाठी चांगलीच आहे. त्यात सगळं ज्ञान दहा वर्गांत वाटलेलं असतं: ५०० म्हणजे विज्ञान, ९०० म्हणजे इतिहास-भूगोल, असं. पण तिथे मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे. आपल्या शाळेतली बहुतेक पुस्तकं मराठी गोष्टींची आणि कवितांची. म्हणजे निम्म्याहून जास्त पुस्तकांवर तोच आकडा येणार. त्याने तिसरीतल्या पोराला काय कळणार?

आम्ही रंग वापरले. गाड्यांचे नंबर करून देणारा रेडियमवाला असतो ना, त्याच्याकडे रंगीत चिकट कागदाच्या पट्ट्या उरतात. मागितल्या तर फुकट देतो. कण्याच्या खालच्या टोकाला दोन बोटं पट्टी चिकटवली. विभागांची नावं पोरांनी ठरवली: गोष्टी, गाणी-कविता, प्राणी-झाडं, 'असं का होतं?', मोठी माणसं, आपलं गाव. 'असं का होतं?' म्हणजे विज्ञान. हे नाव चौथीच्या वर्गाने दिलं आणि 'विज्ञान' लिहिलं असतं त्यापेक्षा त्या फळीवरची पुस्तकं जास्त उचलली गेली, असं माझं मत आहे.

रंग विषयाला द्या, सोप्या-अवघडाला देऊ नका. दुसऱ्या शाळेत आम्ही लाल म्हणजे सोपं असं केलं होतं. आठवीतल्या ज्या पोरांना वाचायला जड जायचं ती लाल पट्टीच्या पुस्तकाला हातसुद्धा लावत नव्हती, कारण सगळ्यांना दिसायचं. सोपं-अवघड कळायला हवं असेल तर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला पेनाने बारीक ठिपके द्या. नाहीतर पोरांना बोटांची युक्ती शिकवा: कुठलंही एक पान वाचायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट मोडायचं, पाची बोटं मोडली तर पुस्तक अजून जड आहे.

दाखल अंक मात्र आहे तोच ठेवा. तो खोडला की शनिवारची सही बंद.

खोलीची मांडणी

दोरीने खोली मोजा, चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे अर्धा फूट धरून नकाशा काढा. कपाट-बाकांचे कागदी तुकडे कापून त्या नकाशावर सरकवून बघा. मग तोच नकाशा खडूने खऱ्या फरशीवर काढा आणि त्यात चालून बघा. आमच्या वहीतल्या नकाशात सगळं छान बसत होतं. फरशीवर काढल्यावर कळलं की कपाटाचं दार उघडलं की खोलीचं दार लागत नाही.

उंची ठरवायला टेप लागत नाही. पहिलीतलं सगळ्यात बुटकं पोरगं भिंतीशी उभं करा, हात वर करायला लावा, बोटं पोचतील तिथे खूण करा. लहानांची पुस्तकं त्या खुणेच्या खाली. शब्दकोश, मोठ्यांची चरित्रं वर.

लहान मुलांची पुस्तकं सोळा-चोवीस पानांची, मध्ये पिना मारलेली असतात. त्यांना कणाच नसतो. कपाटात उभी लावली की नुसती रेघ दिसते. ही पुस्तकं तोंड पुढे करून ठेवायला हवीत. आम्ही आधी दोन खिळ्यांना सुतळी बांधून तिच्यावर पुस्तकं कपड्यांसारखी वाळत घातली. आठवड्यात पिना उखडल्या. मग मोडक्या बाकांच्या फळ्या वापरू म्हटलं तर कळलं, मोडका बाकसुद्धा जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत असतो, त्याचंही निर्लेखन लागतं. शेवटी आठवडी बाजारातून फळांच्या लाकडी पेट्या आणल्या आणि गावातल्या सुतारकाकांनी त्यातून तीन बोटं रुंदीच्या पट्ट्या करून दिल्या, पुढे बोटभर कठडा ठेवून. चार पट्ट्यांवर तीस पुस्तकं बसली. दर सोमवारी त्यातली दहा बदलायची. एवढं एक काम जरी तुम्ही केलं, बाकी काही नाही केलं, तरी पोरं येतात.

आता ऊन. पश्चिमेच्या खिडकीसमोर पुस्तकं लावू नका, दुपारच्या उन्हाने एका उन्हाळ्यात रंग उडतात. पत्र्याची खोली असेल तर मार्चनंतर दुपारी तिथे बसणं होत नाही. पत्र्यावर चुना मारून घेतला तर थोडा फरक पडतो, पण फार आशा ठेवू नका. लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून बसायची जागा खिडकीखालीच ठेवा, बल्बखाली नको. आम्ही तर उन्हाळ्यात एक पेटीच बाहेर लिंबाच्या ओट्यावर नेऊन ठेवायचो. पोरं तिथे आधीपासून बसत होतीच.

भिंतीवर पुस्तकाचं महत्त्व सांगणारी वाक्यं रंगवण्यात पैसे घालवू नका. 'वाचाल तर वाचाल' सगळ्या भिंतींवर आहे. त्याच पैशात सतरंजी येते.

देवघेव

वही तारखेनुसार लिहू नका, मुलानुसार लिहा. प्रत्येकाला एक पान. तारखेनुसार लिहिलं तर आज किती पुस्तकं गेली एवढंच कळतं. मुलानुसार लिहिलं तर कोरी पानं दिसतात, आणि ज्याचं पान कोरं आहे त्याच्याकडेच आपल्याला जायचं असतं.

एक पुस्तक, सात दिवस, दंड नाही. दंडावर आमच्यात भांडण झालं. मॅडमचं म्हणणं, दोन रुपये तरी ठेवा, शिस्त राहील. ठेवले. दोन आठवड्यांत उशीर झालेल्या पोरांनी पुस्तक परत आणणंच बंद केलं, कारण दोन रुपये घरी मागायचे कसे? दंड काढल्यावर पुस्तकं परत आली. फाटलं तर शिक्षा म्हणजे आमच्यासोबत बसून ते चिकटवायचं, आणि पोरांना ती शिक्षा वाटतच नव्हती.

शाळेच्या मंत्रिमंडळात ग्रंथमंत्री असतो, पण तो बहुतेक वेळा वर्गातला पहिल्या नंबरचा असतो आणि त्याला वेळ नसतो. मागच्या बाकावरचा निवडा. परिपाठाआधी दहा मिनिटं आणि मधल्या सुट्टीत खोली उघडी, एवढी वेळ आधी जमवा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची पिशवी

आमच्याकडचं हे दुसरीकडच्या मार्गदर्शिकेत सापडणार नाही. दसरा-दिवाळीनंतर आमच्या शाळेतली पोरं आई-बापासोबत कारखान्याला जातात, पाडव्याच्या आगेमागे परत येतात. काहींना आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवतात, पण सगळ्यांना नाही. ग्रंथालयाचा सात दिवसांचा नियम या पोरांना लागू केला तर अर्ध्या वर्षासाठी ती बाहेरच. पहिल्या वर्षी आमच्या हे लक्षातच आलं नाही. डिसेंबरात कोरी पानं मोजली तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी पिशवी केली. खताच्या रिकाम्या गोणीतून शिवलेली, कारण कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत, ओल असते. आत तीन पातळ पुस्तकं, एक वही, पेन्सिल आणि एक कागद, ज्यावर शाळेचं नाव आणि 'ही पुस्तकं शाळेची आहेत, वाचून परत आणा' एवढंच. पाच महिन्यांसाठी. सरांचा जीव वर-खाली होत होता, म्हणून पिशवीत तीच पुस्तकं टाकली ज्यांच्या दोन-दोन प्रती होत्या. तारीख ठरवू नका, मुकादमाच्या गाडीची वेळ कुणालाच माहीत नसते. नवरात्रातच पिशव्या तयार ठेवा.

नऊ पिशव्या गेल्या, सहा परत आल्या. एका पुस्तकाच्या पानांत पाचटाची कुसळं अडकलेली होती आणि मागच्या कोऱ्या पानावर कोळशाने उसाच्या मोळ्यांचा हिशेब मांडलेला होता. ते पुस्तक आम्ही दुरुस्तीला टाकलं नाही, तसंच 'आपलं गाव'च्या पट्टीवर लावलं. न आलेल्या तीन पिशव्यांची नोंद 'बाहेरगावी' अशी केली. पुढच्या वर्षी त्यातली एक आली.

तांड्यावरची मुलं असतील तर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलणारं एखादं मोठं पोरगं आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बसवा. उर्दू शाळा शेजारी असेल तर पुस्तकांची अदलाबदल करा. दोन्ही गोष्टींना खर्च नाही.

नवीन पुस्तकं कुठून

पैसा सगळ्यात शेवटी, कारण आधी मिळाला तर कपाट येतं आणि पुस्तकं तशीच राहतात. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. ते आलंय का आणि खरेदी कशी होते, हे नम्रपणे विचारा. पुस्तकांची यादी पोरांकडून घेऊन हेडसरांना आधीच देऊन ठेवा. यादी तयार असली की शेवटच्या घाईत नको ती पुस्तकं येत नाहीत. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठी बालपुस्तकं स्वस्त आणि चित्रांची असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी फुकट उतरवून छापता येतात, तशी त्यांची मोकळी परवानगीच आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. सरांच्या मोबाईलवरून एखादी गोष्ट उतरवून परिपाठात वाचली तरी चालते.

देणग्या घेताना जपा. 'शाळेला पुस्तकं द्या' असं गावाच्या ग्रुपवर टाकलं की लोक घर साफ करतात. आम्हाला दोन पोती स्पर्धा परीक्षांचे जुने गाईड आले. त्यापेक्षा दहा पुस्तकांची नावं लिहा आणि त्यातलं एक मागा. वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटतात, त्याऐवजी पुस्तक द्यायला सांगा. पहिल्या पानावर पोराचं नाव लिहायचं, मग ते पोरगं आपलं पुस्तक कोण नेतंय यावर स्वतःच लक्ष ठेवतं.

आणि काही पुस्तकं स्वतः करा. आजी-आजोबांना बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारा. मिलोच्या (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीची चव, सुकडी, खडी फोडायची कामं, हे सगळं त्यांना कालचं असल्यासारखं आठवतं. लातूर-धाराशिवकडच्यांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाबद्दल विचारा. त्यांच्या तोंडची भाषा आहे तशीच ठेवा, शुद्ध करू नका. सोळा पानं, हाताने लिहिलेली, दाभणाने शिवलेली, दाखल अंक दिलेली. आमच्या खोलीत सगळ्यात जास्त फाटलेलं आणि चिकटवलेलं पुस्तक म्हणजे 'आमच्या गावची विहीर'. लिहिलं होतं सातवीतल्या तिघींनी.

महिना झाल्यावर

पुस्तकं मोजा आणि हेडसरांना कागद द्या: किती होती, किती आहेत, किती मुलांची पानं कोरी. कमी भरली तर लपवू नका. आमची पहिल्या महिन्यात चार कमी भरली. दोन वर्गाच्या कपाटामागे सापडली, एक एका मॅडमच्या पर्समध्ये, एक अजून नाही. सरांनी कागद वाचला, सही केली आणि म्हणाले, "दुसरं कपाटबी उघडा मग."

आता त्या खोलीची किल्ली घंटेशेजारच्या खिळ्याला असते. आतापर्यंत दोनदा हरवली. म्हणून ज्या दिवशी किल्ली तुमच्या हातात येईल, त्याच दिवशी बाजारात जाऊन तिच्या दोन नकला करून घ्या, आणि एक खिचडीवाल्या मावशींकडे ठेवा. शाळेत सगळ्यात आधी त्याच येतात.